दोन खिशांचा शर्ट

आपल्याकडे माणसाच्या अंगाला आकार द्यायचं काम सर्जनच्या कितीतरी आधी न्हाऊ घालणारी बाई सुरू करते. बाळ चार दिवसांचं होत नाही तोच ती त्याला पायांवर आडवं घेते, तेलाच्या बोटांनी नाक ओढते, डोकं गोल करते, कपाळ चापते. बाळ टाहो फोडत असतं आणि ही बाजूला बसलेल्या बायकांना सांगते, बघा, आता कसं नाक निघालं. तिच्याकडे कुणी परवाना मागत नाही की संमतीपत्र भरून घेत नाही. मी बावीस वर्षं सुरतेत एका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात नोकरी केली, आणि या बाईवर माझा कायम राग होता. तिच्याबद्दल मी जिला-तिला काय काय सुनावत असे, आणि ते मला कसं महागात पडलं, तेच सांगायला बसले आहे.

मी मूळची अमळनेरकडची. लग्न होऊन सुरतेतल्या उधन्याला आले, नवरा कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये. नर्सिंगचा कोर्स झालेला होता म्हणून आधी एका प्रसूतिगृहात लागले आणि तिथून साहेबांकडे आले. साहेब गुजराती, हात सोन्याचा, पण बोलणं मोजून-मापून. पेशंटला समोर उभं करायचे, जांभळ्या पेनानं पोटावर दोन रेघा मारायचे, चार वाक्यं बोलायचे. पेशंट मान डोलावून बाहेर यायचा आणि मला विचारायचा, "सिस्टर, एटले शुं करशे?" म्हणजे, करणार काय? असं रोज व्हायला लागलं तेव्हा साहेबांनी मला एक छोटी खोली दिली. दोन खुर्च्या, एक पडदा आणि मोजायची टेप. सुरतेत निम्म्या गावाच्या गळ्यात टेप असते. त्यांची कापडासाठी, माझी माणसांसाठी.

त्या खोलीत मी लोकांना समजावून सांगायचे. पहिली गोष्ट ही, की आमच्याकडे वजन कमी होत नाही. ते घरी करायचं, ताटावर हात आखडून आणि रस्त्यावर चालून. आमच्याकडे फक्त आकार बदलतो. जिथे व्यायामालाही दाद न देणारी चरबी असते, तिथे बारीक छिद्र पाडून नळीनं ती ओढून घेतात, ते लायपोसक्शन. पण कातडी सैल पडली असेल तर नुसती चरबी काढून भागत नाही. उशीतला कापूस काढला तरी खोळ तेवढीच राहते. अशा वेळी टमी टक. ओटीपोटाची जादा कातडी कापायची आणि बाळंतपणात एकमेकांपासून लांब गेलेले पोटाचे स्नायू जवळ आणून शिवायचे. त्याचा व्रण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत जातो आणि जन्मभर राहतो. परकराच्या नाडीखाली तो झाकला जातो, पण असतो. काही बायकांच्या छातीच्या ओझ्यानं खांद्यावर पट्ट्यांचे खळगे पडलेले असतात, मान धरलेली असते. त्यांची छाती कमी करता येते, मात्र पुढे बाळाला पाजायला अडचण येऊ शकते हे लग्नाआधीच्या मुलीला आधी सांगावं लागतं. काही पुरुषांची छाती बायकांसारखी वाढते, तीही काढता येते. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीत भूल आहे, सूज आहे, पू होण्याची भीती आहे, आणि महिना-दीड महिना रात्रंदिवस अंगात घालायचं घट्ट जाकीट किंवा पट्टा आहे. जाहिरातीत ते जाकीट कधी दिसत नाही.

एवढं ऐकून काही लोक घाबरून जायचे. जाऊ दे, म्हणायचे, आहे ते बरं आहे. मला ते फार आवडायचे. 

नमुने तर इतके भेटले की बोलायची सोय नाही. एक बाई आली, एकत्र कुटुंबातली मोठी जाऊ, पोट सुटलेलं. पोटावरची चरबी गालात भरता येते का, असं तिनं विचारलं. येते, म्हटल्यावर खूश झाली आणि म्हणाली, मग उरलेली माझ्या धाकट्या जावेला द्या, फार वाळली आहे बिचारी. एकाची चरबी दुसऱ्याला चालत नाही हे ऐकून तिचा चेहरा पडला. घरातली वस्तू घरातच कामी आली असती, असं तिचं म्हणणं. एक काका पोटाचं लायपोसक्शन करून गेले, ते टाके दाखवायला नेमके चंदनी पडव्याला आले, हातात घारीचा डबा. त्या दिवशी घारी खाल्ली नाही तर सुरतेच्या माणसाला चैन पडत नाही, आणि घारी म्हणजे तुपात बुडवून काढलेली मिठाई. साहेब आत हात धूत होते तेवढ्यात काकांनी आम्हाला आग्रह करत करत स्वतःच दोन संपवल्या. साहेब बाहेर आले तेव्हा डबा माझ्या मांडीवर होता आणि बोलणी मी खाल्ली.

सगळेच असे हसवून जात नसत. एक नवरा बायकोला घेऊन आला. सगळं तोच बोलत होता, इथून इतकं काढा, इथे असं करा. मी मोजमाप घ्यायच्या निमित्तानं त्याला बाहेर बसवलं, पडदा ओढला आणि तिला विचारलं, तुला हवंय का हे? ती म्हणाली, त्यांना हवंय. साहेबांनी ते ऑपरेशन केलं नाही. ती पुन्हा दिसली नाही, आणि दुसरीकडे कुठे नेली असेल का, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

आणखी एक मुलगा होता, अनाथाश्रमात वाढलेला, हिऱ्यांना पैलू पाडायचा. छातीच्या ऑपरेशनसाठी आला होता. संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी ठेवून माझ्याकडे बघत बसला. मी सही केली. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'सिस्टर' असंच लिहून दिलं. पुढे त्यानं मला लग्नाची पत्रिका पाठवली. त्या दिवशी ड्युटी होती. मी गेले नाही.

आता योगेशबद्दल.

योगेश आला तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. सगळे पेशंट जाईपर्यंत तो बाकावर बसून राहिला. पंचविशीचा असेल. त्या उकाड्यात अंगात दोन बनियन आणि वरून ढगळ शर्ट, पाठ घामानं चिंब. आत येऊन हिंदीत म्हणाला, मॅडम, एका मित्रासाठी विचारायचं होतं. असे मित्र आमच्याकडे पुष्कळ येतात. पण त्याच्या हिंदीतून आमच्याकडची बोली डोकावत होती, म्हणून मी विचारलं, "दोस्त कोनता गावना शे?"

तो आधी दचकला, मग हसला. "शिरपूरकडना शे, मावशी," म्हणाला आणि खुर्चीत बसला. त्यानंतर मित्राचं नाव निघालं नाही.

तो बमरोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. लूमच्या खात्यात इतकं गरम होतं की कामगार बनियनवर नाहीतर उघड्या अंगानं काम करतात. हा मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षापासून कुणासमोर शर्ट काढत नव्हता. नळावर सगळे एका रांगेत आंघोळ करायचे, हा अंधार असताना उरकून घ्यायचा. खात्यातले लोक येता-जाता छातीला चिमटा काढायचे. तोही त्यांच्याबरोबर हसायचा, कारण न हसला तर आणखी काढतील. दोन स्थळं त्यानं काही ना काही खोट काढून परत पाठवली होती. तिसरी मुलगी त्याला मनापासून आवडली. होकार दिला, तारीख ठरली आणि त्याची झोप उडाली. 

कारण होतं हळद. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला मांडवात पाटावर बसवतात, उघड्या अंगानं, आणि भावकीतल्या सगळ्या बायका तेल-हळद लावतात. गल्ली जमते, पोरं मोबाइलवर शूटिंग करतात. लग्नाची, संसाराची, कशाचीच त्याला भीती नव्हती. त्या पाटाची होती.

"आईला सांगितलंस का?" मी विचारलं.

नाही म्हणाला. आईला काही माहीतच नाही. ती साधी बाई, घरी बसून साड्यांची धागा कटिंग करते, म्हणजे सुटलेले धागे कापते, तिला अंगाच्या मापाचंसुद्धा कळत नाही. लहानपणापासून त्याचे शर्ट तीच आणते आणि दरवेळी एक नंबर मोठा आणते. त्यातही छातीवर दोन खिसे असलेलाच. एका खिशाचा शर्ट तिला चालत नाही, दुकानदाराशी भांडून दोन खिशांचा शोधून आणते. खात्यातली मुलं हसतात, पण आईला कोण सांगणार. हे सांगताना तो हसला, आणि मीही हसले. बावीस वर्षं माणसं वाचायचं काम केलेली बाई मी, आणि त्या दोन खिशांवर हसले.

साहेबांनी त्याला तपासलं, रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. काही दोष नव्हता. वयात येताना पुष्कळ मुलांची छाती थोडी वाढते आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांची आपोआप बसते. काहींची बसत नाही. का बसत नाही, ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही. आत चरबीबरोबर गाठीसारखी घट्ट ग्रंथी राहते, ती दंड-बैठका काढून जात नाही. नळीनं चरबी काढायची, मग स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेला नखाएवढा छेद घेऊन ग्रंथी काढायची. पुढे दीड महिना जाकीट. लग्नाला अजून दोन महिने होते. बसत होतं.

घरी काय सांगायचं, एवढाच प्रश्न उरला. त्याचा एक खराखुरा मित्रही होता, तो म्हणाला, सप्तशृंगी गडावर पायी चाललोय म्हणून सांग. पण देवीचं नाव घेऊन खोटं बोलायला योगेश तयार होईना. शेवटी इच्छापोरला कंपनीत आठवड्याचं कॉन्ट्रॅक्टचं काम आहे असं सांगायचं ठरलं. तिथे मित्राची खोली होती. आईला तरी खरं सांग, असं मी दोनदा म्हटलं. तिला वाईट वाटेल, म्हणाला. मी तिसऱ्यांदा म्हटलं नाही. इथे मी चुकले.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना त्यानं मान खाली घालून स्वतःची छाती पाहिली. सूज होती, काळंनिळं पडलं होतं, दोन्ही बाजूंना नळ्या होत्या. तरी तो बघतच राहिला. मग हळूच विचारलं, "मावशी, आता एका खिशाचा शर्ट घालता येईल ना?" मी हो म्हटलं आणि पट्टीचं सामान आणायला म्हणून बाहेर गेले. मला तिथे उभं राहवेना.

आठवड्यानं तो घरी गेला आणि नवीनच पंचाईत झाली. जाकिटं दोन होती, एक अंगात, एक धुवायला. घरी धुवायचं कसं? आई कपडे धुते, दोरीवर काय वाळतंय ते अख्खी चाळ बघते. मग दर तीन दिवसांनी योगेश काळ्या पिशवीत जाकीट घेऊन दवाखान्यात यायचा, धुतलेलं घेऊन जायचा. धुवायचं मी, उधन्याला माझ्या गॅलरीत. ते अंगाच्या रंगाचं, पुढून हुकांचं, पुरुषाच्या मापाचं जाकीट बघून शेजारणीनं चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी विचारलं, भाऊंना पाठीचा त्रास सुरू झाला का? मी हो म्हटलं. माझा नवरा महिनाभर सोसायटीत सहानुभूती गोळा करत हिंडला, आणि त्याला ती आवडायलाही लागली.

पाचव्या आठवड्यात एक दिवस दुपारी माझ्या खोलीत एक बाई आली. चाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, जाड काचांचा चष्मा, बोटांना कात्रीचे घट्टे. आमच्याकडचीच होती, ते बोलण्यावरून कळलं. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाहेर पेशंटची रांग वाढली होती आणि मला जेवायला उशीर झाला होता. खुर्चीच्या अगदी कडेला बसून तिनं विचारलं, बहिणीच्या मुलीला मुलगा झालाय. बाळाची छाती सुजली आहे, दूध येतंय. घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात, रोज दाबून काढा, नाहीतर मोठेपणी बायकांसारखी छाती होईल. दाबायचं का?

वाचकांसाठी सांगते. नव्यानं जन्मलेल्या बाळाची छाती कधीकधी सुजते, थेंबभर दूधही येतं. आईच्या पोटात असताना आईच्या अंगातलं जे त्याच्याकडे जातं त्याचा तो परिणाम. मुलगा असो की मुलगी, दोन-चार आठवड्यांत आपोआप बसतं. हात लावायचा नाही, बस. पण आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या बाया ते तेल लावून पिळतात, आणि त्यानं कधीकधी आत पू होतो. अशी पू झालेली बाळं मी प्रसूतिगृहात असताना पाहिली होती. म्हणून हा विषय निघाला की माझं डोकं फिरायचं.

त्या दिवशीही फिरलं. दाबू नका, एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. अडाणीपणावर बोलले, म्हाताऱ्यांवर बोलले, लेकराच्या अंगाचं वाटोळं करायचा यांना अधिकार कुणी दिला, असं बोलले. ती ऐकत होती. शेवटी तिनं अगदी हळू विचारलं, "अन् कोनी दाबं व्हई तं?" कुणी दाबलं असेल तर?

"मग भोगा म्हणावं जन्मभर," मी म्हणाले. 

ती उठली, हात जोडले आणि गेली. मी डबा उघडला आणि जेवले.

सहावा आठवडा संपला, जाकीट सुटलं, आणि काही दिवसांनी योगेश पत्रिका घेऊन आला. छाती सपाट बसली होती, व्रण शोधावा लागेल इतका बारीक झाला होता. हळदीला यायचंच, असं त्यानं तीन-तीनदा सांगितलं. पण चेहरा उतरलेला होता. आईला कळलंय बहुतेक, म्हणाला. शर्ट धुताना खिशात दवाखान्याचं कार्ड सापडलं असणार. ती काही विचारत नाही, पण पंधरा दिवस झाले, नीट जेवत नाही, डोळ्याला डोळा भिडवत नाही. हळदीला हात लावणार नाही म्हणते. मनगट दुखतंय, काकू लावेल, असं सांगते. "ती रागावली आहे, मावशी. तिनं नाही लावली तर मी पाटावर बसून करू काय? शर्ट घालूनच बसेन."

खोटं बोलल्याचा राग असेल, निवळेल, असं मी त्याला म्हटलं. दार लोटून तो गेला तेव्हा मला एकदम ती पत्रिका आठवली, हिरे घासणाऱ्या मुलाची. मी साहेबांकडे रजा टाकली.

बमरोलीतल्या त्यांच्या गल्लीत दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून मांडव घातला होता. लूमचा खडखडाट चालूच होता. तिथे तो लग्नालाही थांबत नाही. सकाळचे दहा वाजले होते. योगेश पाटावर बसला होता, नवा शर्ट घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. भोवती बायका गाणी म्हणत होत्या आणि मधूनमधून, काढ ना रे शर्ट, लाजतोस काय, असं चाललं होतं. काकू हळदीची वाटी घेऊन उभी होती. त्यानं मला पाहिलं आणि नुसती मान हलवून आतल्या खोलीकडे दाखवलं.

आत अंधारं होतं. साड्यांचे गठ्ठे भिंतीला लावलेले, आणि त्यांना टेकून बसलेली बाई, पाठमोरी. मी हाक मारली. ती वळली. जाड काचांचा चष्मा.

दवाखान्यात आलेली तीच बाई. बहिणीची मुलगी नव्हती, बाळ नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाळाबद्दल ही मला विचारायला आली होती.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. ती बोलली ते लुगड्याच्या पदराकडे बघत. योगेश झाला तेव्हा त्याची छाती सुजली होती. सासूनं आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईनं सांगितलं, दाब. ती अठरा वर्षांची होती. "महिनाभर रोज दाबं मी. तो रडे, अन् मना हात चाले." तेराव्या वर्षी मुलाचं अंग बदललं तेव्हा आधी तिच्याच लक्षात आलं. सासू म्हणाली, तू नीट दाबलं नाहीस. तेव्हापासून ती हेच समजत आली होती, की आपला हात कमी पडला. मुलाला दिसू नये म्हणून तिनं कधी विषय काढला नाही. एक नंबर मोठा शर्ट आणायचा आणि दोन खिशांचा, म्हणजे समोरून झाकलं जातं. एवढंच तिच्या हातात होतं, ते तिनं बारा वर्षं केलं. मग खिशात ते कार्ड सापडलं आणि पोरगं एकटंच जाऊन कापून घेऊन आलंय हे कळलं. म्हणून ती मला भेटली. आणि मी तिला सांगितलं, की तिचा हात कमी पडला नव्हता, हातानंच वाटोळं केलं होतं.

"तुम्हीनच सांगं ना ताई, जलमभर भोगनं पडी," ती म्हणाली. "मंग तोच हात मी त्याले हयदले कसा लावू?" हळदीला तोच हात कसा लावू?

मी माफी मागितली. मी सिस्टर असून चुकीचं बोलले, रागात बोलले, असं सांगितलं. दाबल्यानं फार तर पू होतो, तोही लगेच. त्यानं तेरा वर्षांनी छाती वाढत नाही. साहेबांनी सगळ्या तपासण्या केल्यात, हे कुणाच्या हातानं होत नाही आणि कुणाच्या हातानं टळतही नाही. ती ऐकत होती, पण तिच्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं. ती मला समजूत काढणारी बाई समजत होती. त्या खोलीत, पडद्याआड, खुर्चीत बसून बोलले तेव्हा माझा शब्द तिला पटला. आता जमिनीवर बसून सांगत होते तर पटेना.

मग मला तो मुलगा आठवला. मी तिला सांगितलं, आमच्याकडे एक आला होता, अनाथाश्रमात वाढलेला. त्याला पायांवर घेणारं कुणी नव्हतं. त्याला कुणी दाबलं नाही, पिळलं नाही, कुणी तेलाचा हातसुद्धा लावला नाही. त्याचंही तुमच्या योगेशसारखंच झालं होतं. अगदी तसंच. मी स्वतः माप घेतलं.

तिनं मान वर केली. चष्म्याआड डोळे मोठे झाले. "त्याले कोनीच तेल लायं नही?" 

"नाही."

"मंग त्याले हयद कोनी लाई?"

मला माहीत नाही, म्हणाले. त्यानं बोलावलं होतं. मी गेले नाही.

तिनं माझा हात हातात घेतला, थोपटला, जसं काही चूक माझी होती आणि समजूत तिला काढायची होती. चूक माझीच होती, म्हणा. मग ती उठली, पदर खोचला आणि बाहेर गेली.

मांडवातलं गाणं थांबलं. काकूनं वाटी तिच्या हातात दिली. योगेश आईकडे बघत होता. ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "काढ रे भाऊ, शर्ट." त्यानं एकेक बटण काढलं. शर्ट खांद्यावरून खाली आला आणि तो ताठ बसला. म्हणण्यासारखं कुणाला काही दिसलंच नाही. एक तरुण मुलगा पाटावर बसला होता, एवढंच.

आईनं दोन्ही तळव्यांना तेल-हळद घेतली. रीतीप्रमाणे आधी पाय, गुडघे, खांदे, मग गाल. ती रीत विसरली. तिचे हात सरळ त्याच्या छातीवर गेले, मधून सुरू करून दोन्ही बाजूंना, पुन्हा मधून. बायका हसायला लागल्या. अहो इंदूबाई, हळद लावताय की न्हाऊ घालताय, असं कुणीतरी म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. एका ठिकाणी तिचा अंगठा थांबला. व्रण होता तिथे. मुलानं डोळे मिटले, आणि त्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावरून हळदीत उतरलं.

ती अंगठ्यानं ती जागा हलकेच दाबत होती. एकदा, पुन्हा एकदा, लहान बाळाला दाबावं तशी. दाबू नका, हे मी बावीस वर्षं सगळ्या बायांना ओरडून सांगत आले. ताज्या व्रणावर तर मुळीच नाही. त्या दिवशी मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, आणि एक शब्द बोलले नाही.